लंडनला गेलेले चाळीस दिवाळी अंक

हे प्रकरण मी वकील म्हणून हाताळलं. संपादक आणि लेखक दोघांच्या संमतीने लिहितो आहे. गाव, संस्था, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे बदललेले नाहीत, आणि आमच्या चुकाही नाहीत.

## पार्श्वभूमी

पुण्यातून गेली तीसेक वर्षं निघणारा एक दिवाळी अंक. छपाई दोन हजारांची, जाहिराती ओळखीपाळखीच्या. संपादन, मुद्रितशोधन, हिशेब आणि टपालखर्चाची चिंता एकाच बाईंच्या डोक्यावर. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो.

२०२४ च्या अंकात एका बुडीत पतसंस्थेवर लांबलचक लेख होता. लेखक त्याच तालुक्याच्या गावचा, पण वीस वर्षांपासून शिकागोजवळ राहणारा आणि आता अमेरिकेचा नागरिक. त्याच्या आईची मुदत ठेव त्या पतसंस्थेत अडकलेली. दोन वर्षं त्या माउलीने काउंटरवर 'पुढच्या महिन्यात या' एवढंच ऐकलं होतं.

लेख रागाने लिहिलेला असला तरी हवेतला नव्हता. ठेवीदारांच्या कृती समितीने उपनिबंधक कार्यालयातून माहिती अधिकारात कागद काढले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम ८३ खालचं चौकशीचं इतिवृत्त त्यात होतं. शिवाय कलम ८८ खालचा आदेश होता, ज्यात नुकसानीची जबाबदारी कोणाकोणावर येते ते ठरवलेलं असतं. विनातारण कर्जं, नातेवाइकांच्या फर्म, संचालक मंडळाच्या ठरावाआधीच वाटलेले पैसे, असं सगळं आदेशात नावानिशी होतं. पहिलं नाव अध्यक्षांचं. हे गृहस्थ गावचे माजी नगराध्यक्ष. म्हणजे लोकांनी निवडून दिलेले, आणि पतसंस्थेच्या खुर्चीवरही वर्षानुवर्षं बसलेले.

लेखात एक वाक्य होतं: 'त्या काउंटरवरून उठलेला पैसा शेवटी चिरंजिवांच्या लंडनच्या घराच्या भिंतींत मुरला.' ताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते उचलून पानाच्या मधोमध मोठ्या टायपात चौकटीत टाकलं.

अंक ऑक्टोबरात आला. चाळीस प्रती लंडनमधल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडे गेल्या, थोड्या अमेरिकेला. दिवाळीनंतर ताईंनी निवडक लेख अंकाच्या संकेतस्थळावर टाकले, त्यात हाही होता.

## अडचण

आधी अध्यक्षांचा फोन आला. स्वतः केलेला, आवाज चढवलेला नव्हता. 'ताई, तुमचा अंक मी दरवर्षी घेतो,' अशी सुरुवात झाली. ताई घाबरल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहून टाकलं: 'झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहोत.' कोणता प्रकार आणि कशाबद्दल दिलगीर, काही नाही. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट पुढे फौजदारी तक्रारीला जोडलेला होता, लाल शाईने गोल करून.

डिसेंबरात दोन नोटिसा दोन दिशांनी आल्या. पहिली ईमेलने, लंडनच्या सॉलिसिटरकडून, वडील आणि मुलगा दोघांच्या वतीने. लेख काढा, माफी छापा, भरपाई आणि खर्च द्या, चौदा दिवसांत उत्तर द्या. दुसरी रजिस्टर्ड पोस्टाने, तालुक्याच्या वकिलांकडून, फक्त वडिलांच्या वतीने. दोन कोटींची भरपाई, आणि ती न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फौजदारी तक्रार.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही नोटिसा प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या, अंकासह. त्यांचा पहिला प्रश्न: 'मला लंडनला जावं लागेल का?'

## कोणत्या देशाचा कायदा

लेखकाचं मत पहिल्या व्हिडिओ कॉललाच पक्कं होतं. 'आमच्याकडे सलिव्हन आहे. काही करू शकत नाहीत.'

त्याच्या देशापुरतं ते बरोबर होतं. १९६० साली न्यूयॉर्क टाइम्सने नागरी हक्क चळवळीसाठी निधी मागणारी पानभर जाहिरात छापली. तिच्यात चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना चारदा अटक झाली होती, जाहिरातीत सातदा. विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं होतं, जाहिरातीत वेगळंच गाणं. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराचे आयुक्त सलिव्हन यांचं तर जाहिरातीत नावही नव्हतं. तरी त्यांनी बदनामीचा दावा लावला, आणि स्थानिक ज्युरीने त्यांना पाच लाख डॉलर भरपाई दिली. मॉन्टगोमेरी परगण्यात त्या दिवसाच्या अंकाच्या सुमारे ३५ प्रती गेल्या होत्या. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सार्वजनिक अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल तर मजकूर खोटा आहे एवढं दाखवून भागणार नाही. छापणाऱ्याला तो खोटा असल्याचं माहीत होतं, किंवा खरं-खोटं पाहण्याची त्याने बेफिकीर उपेक्षा केली, हे त्या अधिकाऱ्यालाच सिद्ध करावं लागेल. तीन वर्षांनी ही कसोटी अधिकारी नसलेल्या पण सार्वजनिक जीवनातल्या माणसांनाही लागू झाली.

लेखकाच्या बाजूने आणखी एक कायदा होता. न्यूयॉर्कमधल्या एका लेखिकेवर इंग्लंडमध्ये बदनामीचा दावा झाला होता. तिच्या पुस्तकाच्या तिथे अवघ्या २३ प्रती गेल्या होत्या, तरी निकाल तिच्या विरोधात लागला. त्यातून आधी न्यूयॉर्क राज्याने आणि २०१० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. परदेशातला बदनामीचा निकाल अमेरिकी घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मापात बसत नसेल, तर अमेरिकी न्यायालयं तो वसूल करून देणार नाहीत.

मी त्याला विचारलं, 'तुझा गावातला फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?'

त्याच्याच नावावर होता, आणि आई त्यात राहत होती. जानेवारीत तो तिला भेटायला येणार होता. अमेरिकेचं कवच शिकागोतल्या बँक खात्यापुरतं, गावातल्या फ्लॅटपर्यंत ते पोचत नाही. आणि पुण्यातल्या ताईंना तर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

ताईंसाठी लंडनची नोटीस वाटली त्यापेक्षा गंभीर होती. कारण दिवाणी प्रक्रिया संहितेत दडलेलं आहे. कलम ४४-अ प्रमाणे ब्रिटन हा परस्पर अंमलबजावणीचा प्रदेश आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी आणता येतो. आपले आक्षेप कलम १३ पुरतेच उरतात, म्हणजे परदेशी निकाल कधी बंधनकारक नसतो हे सांगणाऱ्या कलमापुरते. अमेरिकेला ही सोय नाही. म्हणजे पुण्यातल्या संपादकाने वॉशिंग्टनपेक्षा लंडनची काळजी जास्त करायची.

पण इंग्लंडही आता तेव्हाचं राहिलेलं नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी संडे टाइम्सवर दावा लावला होता. त्यांनी संसदेची दिशाभूल केली असं वृत्तपत्राने लिहिलं, आणि त्यांचा खुलासा ब्रिटनच्या आवृत्तीत छापलाच नाही. ज्युरीने वृत्तपत्राला चूक ठरवलं, पण भरपाई शून्य दिली. न्यायाधीशांनी ती एक पेनी केली. प्रकरण लॉर्ड्ससभेपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९९ मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी अमेरिकी कसोटी नाकारली. राजकारण्याबद्दल आहे म्हणून मजकुराला आपोआप संरक्षण मिळणार नाही, पण जबाबदारीने केलेल्या पत्रकारितेला मिळेल, असं त्यांनी म्हटलं. त्यासाठी दहा मुद्द्यांची यादी दिली, आणि त्यातला एक होता: ज्याच्यावर लिहिलं त्याचं म्हणणं विचारलं का? २०१३ च्या कायद्याने या बचावाची जागा जनहिताच्या बचावाने घेतली. आणखी तीन गोष्टी त्याच कायद्यात आल्या. प्रतिष्ठेला गंभीर हानी झाल्याशिवाय दावा नाही. ब्रिटनमध्ये न राहणाऱ्या प्रतिवादीविरुद्ध दावा चालवायला इंग्लंडच सर्वांत योग्य ठिकाण आहे हे दाखवावं लागतं. आणि तोच मजकूर त्याच प्रकाशकाने पुन्हा छापला म्हणून दावा लावायची एका वर्षाची मुदत पुन्हा सुरू होत नाही.

बाकी जगाची चाचपणीही मी केली, खरं तर गरज नव्हती. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी ऑस्ट्रेलियातही दावा लावला होता आणि स्वतःच्या देशातही. ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये 'छापताना वाजवी काळजी घेतली का' हा प्रश्न मध्यभागी ठेवला. न्यूझीलंडने वेगळी वाट काढली. माणूस एक, समुद्राच्या दोन काठांवर कसोट्या दोन. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या एका पत्रकाराच्या प्रकरणात म्हटलं की राजकारण्याने सामान्य माणसापेक्षा जास्त टीका सोसली पाहिजे, आणि मताला पुरावा मागता येत नाही. जर्मनीत मात्र राजकीय जीवनातल्या व्यक्तींच्या बदनामीला फौजदारी कायद्यात वेगळं, अधिक कडक कलम आहे. म्हणजे 'मोठ्या माणसाने जास्त सोसावं' ही गोष्ट युरोपातही सगळीकडे एका सुरात म्हटली जात नाही.

आता आपल्याकडे. भारतात दोन रुळ आहेत, दिवाणी आणि फौजदारी, आणि गाडी दोन्हींवरून एकाच वेळी येऊ शकते. दिवाणी बाजूला १९९४ चा राजगोपाल निकाल आपल्या बाजूचा. एका तमिळ साप्ताहिकाला फाशीच्या कैद्याचं आत्मकथन छापायचं होतं, त्यात अधिकाऱ्यांची नावं येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कामाशी संबंधित मजकूर चुकीचा निघाला तरी त्याला भरपाई मिळणार नाही. ती मिळवायला बेफिकीर खोटेपणा दाखवावा लागेल. छापणाऱ्याने वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवलं की पुरे. सलिव्हनची सावली त्यावर स्पष्ट दिसते.

पण ही सावली फौजदारी रुळावर पडत नाही. बदनामीचा फौजदारी गुन्हा २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात घटनात्मक ठरला. १ जुलै २०२४ पासून तो न्याय संहितेत आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा नव्याने आलेली समाजसेवा. या रुळावर मजकूर खरा असणं एवढ्याने पुरत नाही, तो लोकहितासाठी छापलेला असावा लागतो. ज्या इंग्रजांनी १८६० मध्ये हे कलम आपल्याला दिलं, त्यांनी स्वतःचा फौजदारी बदनामीचा गुन्हा २०१० मध्ये मोडीत काढला. श्रीलंकेने तर २००२ मध्येच. आपण मात्र नवीन संहितेत ते जपून ठेवलं.

## मी चुकलो ती जागा

दीड दिवस खपून मी टिपण केलं. अध्यक्ष सार्वजनिक व्यक्ती आहेत का? नगराध्यक्ष म्हणून नक्की. पण लेख पतसंस्थेच्या कारभारावर आहे, आणि सहकारी पतसंस्थेचा अध्यक्ष राजगोपालच्या अर्थाने 'सार्वजनिक अधिकारी' होतो का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून मी दुसरा आधार घेतला. कलम ३५६ च्या अपवादांत, सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित कोणाच्याही वर्तनावर प्रामाणिक मत देता येतं. हजारो ठेवीदारांची पतसंस्था हा सार्वजनिक प्रश्न नाही असं कोण म्हणेल? लेखातला 'लूट' हा शब्द मत म्हणून टिकेल, कारण ज्यावर तो उभा आहे ते तथ्य आदेशात आहे. टिपण मला आवडलं होतं. त्यात पाच देश होते.

ताईंनी ते वाचलं आणि विचारलं, 'आणि मुलगा?'

मुलाचं मी पाहिलंच नव्हतं. लंडनच्या नोटिशीत दोन अशील होते, मी एकच वाचला होता. कलम ८८ च्या आदेशात मुलाचं नाव कुठेही नव्हतं. तो पतसंस्थेचा संचालक नव्हता, कर्जदार नव्हता, जामीनदारही नव्हता. लंडनमध्ये नोकरी करणारा एक खाजगी माणूस. त्याचं घर कोणाच्या पैशातून आलं याचा लेखकाकडे एकही कागद नव्हता. विचारलं तर म्हणाला, 'गावात सगळ्यांना माहीत आहे.'

सार्वजनिक व्यक्तीबद्दलचे जगभरचे नियम त्या मुलाच्या बाबतीत गळून पडत होते. अमेरिकेतसुद्धा, जिथे लेखकाला स्वतःला सर्वांत सुरक्षित वाटत होतं, खाजगी माणसाला ती अवघड कसोटी लागत नाही. १९७४ पासून राज्यांना तिथे हलकी कसोटी लावण्याची मुभा आहे. सार्वजनिक माणसाचा मुलगा असणं म्हणजे सार्वजनिक असणं नव्हे.

चाळीस प्रतींचा मुद्दाही उलटला. मला वाटलं होतं की चाळीस प्रतींनी गंभीर हानी कसली होणार? पण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाशो प्रकरणात स्पष्ट केलं आहे की हानी प्रत्यक्ष परिणामावरून बघायची. हे चाळीस अंक वाचणारे कोण? गणपतीला, दिवाळी पहाटेला, मुलांच्या मराठी शाळेत त्याला भेटणारेच. लंडनमध्ये त्याला ओळखणारा मराठी समाज म्हणजे तीच चाळीस घरं. अंक त्याच्या परिचितांनाच नेमका पाठवल्यासारखा झाला होता.

मग मी ताईंची वही मागितली. त्या फोनवरची बोलणी वहीत टिपतात, तीस वर्षांची सवय. अध्यक्षांच्या त्या पहिल्या फोनच्या नोंदीत पाच ओळी होत्या. चार ओळींत मुलगा होता. 'माझं काय ते मी गावाला तोंड देईन. पोराला कशाला ओढलं?' पतसंस्थेबद्दल एकच ओळ, तीही 'अपील चालू आहे ते का लिहिलं नाही' अशी.

कलम ८८ च्या आदेशाविरुद्धचं, त्याच अधिनियमाच्या कलम १५२ खालचं ते अपील खरोखरच प्रलंबित होतं. लेखात त्याचा उल्लेख नव्हता.

## तोलून पाहिलेले पर्याय

लेख पूर्ण मागे घेऊन माफी छापायची, असा एक मार्ग होता. ताई अर्ध्या मनाने तयार होत्या, पण त्यात आदेशावर उभा असलेला मजकूरही खोटा ठरला असता, आणि ठेवीदार समितीच्या पाठीत वार झाला असता. लेखकाला शब्दन् शब्द लढवायचा होता. त्याच्या बाजूने बोलायचं तर राग खरा होता आणि आईचा पैसा खरा होता. पण लढाईचा खर्च आणि तालुक्याच्या तारखा ताईंच्या वाट्याला येणार होत्या, त्याच्या नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. दोन दिवस त्याने फोन घेतला नाही.

काहीच उत्तर द्यायचं नाही, हाही एक सल्ला आला, एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून. भारतात लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला एका वर्षाची मुदत असते. भरपाईच्या दाव्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते, आणि नोटिशीत लिहिलेले दोन कोटी दाव्यात उतरताना बहुतेक वेळा आटतात. तो सल्ला वडिलांपुरता चुकीचा नव्हता. मुलाच्या बाबतीत मात्र गप्प राहणं म्हणजे चूक कळूनही तशीच ठेवणं. उद्या कोणत्याही देशात 'बेफिकिरी' सिद्ध करायला तेवढं पुरलं असतं.

शेवटी आम्ही नोटिसा वेगळ्या केल्या. देशाप्रमाणे नाही, माणसाप्रमाणे. वडिलांच्या बाबतीत मजकुरावर ठाम राहायचं. मुलाच्या बाबतीत विनाअट दुरुस्ती.

## काय केलं

लेखकाला पटवायला एक आठवडा गेला. तो कायद्याच्या युक्तिवादाने पटला नाही. मी त्याला लेखाची प्रत दिली आणि म्हटलं, प्रत्येक विधानापुढे कागदाचं पान लिही. बत्तीस विधानांपुढे पानं आली, काहींपुढे दोन-दोन. चौकटीतल्या वाक्यापुढे त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: 'चौकातली चर्चा.'

लंडनला चौदा दिवसांच्या आत उत्तर गेलं. तिथल्या १९९६ च्या कायद्यात दुरुस्तीच्या प्रस्तावाची व्यवस्था आहे: चूक मान्य करून दुरुस्ती, माफी आणि योग्य भरपाई देऊ करायची, पुढे समोरच्याने ती नाकारली तर तोच बचाव होऊ शकतो. लंडनमधल्या एका ओळखीच्या वकिलाकडून मसुदा तपासून घेऊन आम्ही तो प्रस्ताव फक्त मुलापुरता दिला. दुरुस्तीचा मजकूर ताईंनी स्वतः लिहिला, तीन ओळींचा: लंडनच्या घराबद्दलचं विधान निराधार होतं, ते मागे घेत आहोत, संबंधितांची आणि वाचकांची क्षमा मागतो. 'भावना दुखावल्या असल्यास' हे शेपूट मी मसुद्यात घातलं होतं. ताईंनी ते खोडलं. 'असल्यास कशाला? दुखावल्याच आहेत.'

संकेतस्थळावरून चौकट आणि वाक्य काढलं, वर दुरुस्तीची तारखेसह नोंद टाकली, आणि अपील प्रलंबित असल्याचं वाक्य घातलं. बाकी लेख तसाच ठेवला. मूळ पान जसंच्या तसं जतन केलं, कारण पुढे कोर्टात काय छापलं होतं तेही दाखवावं लागतं. लंडनच्या चाळीस प्रतींसाठी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून पाठवल्या. एकतीस घरांनी त्या पानावर डकवल्याचं कळवलं. बाकी नऊ प्रती कुठे गेल्या ते सापडलं नाही.

इकडे दोन गोष्टी तातडीने केल्या. एकतर्फी मनाई हुकूम मिळू नये म्हणून पुण्यात आणि तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केलं. ते नव्वद दिवस टिकतं, आम्ही दोनदा नव्याने केलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रकरणात, खटला चालण्याआधी लेखावर बंदी घालताना फार सावध राहा, असं खालच्या न्यायालयांना बजावलं आहे. तो निकाल आम्ही जवळ तयार ठेवला. तालुक्याच्या नोटिशीला उत्तरात कलम ८८ चा आदेश, इतिवृत्ताची पानं आणि बत्तीस विधानांचा तक्ता जोडला. मुलाबद्दल त्यात एक अक्षर लिहिलं नाही, तो या नोटिशीत नव्हता.

## निष्पत्ती

मुलाने प्रस्ताव स्वीकारला. भरपाई मागितली नाही, खर्चापोटीची रक्कम घेतली. ती लेखकाने भरली. पुढे लंडनच्या सॉलिसिटरनी वडिलांच्या वतीनेही काही पाठवलं नाही. वडील, कारभार, बहुतेक वाचक, सगळं महाराष्ट्रात असताना इंग्लंड हे सर्वांत योग्य ठिकाण आहे असं दाखवणं त्यांनाही जड गेलं असावं.

वडिलांनी फेब्रुवारीत तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी तक्रार केलीच. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी आरोपीचं ऐकावं लागतं, जुन्या संहितेत हे नव्हतं. पहिल्या तारखेला ताई सकाळच्या एसटीने आल्या. पिशवीत मूळ आदेश, वही, आणि डब्यात थालीपीठ. स्क्रीनशॉटवरून समोरच्या वकिलांनी जोर लावला: 'दिलगीर आहोत म्हणजे गुन्हा कबूलच की!' मी दुरुस्ती दाखवली आणि म्हटलं, दिलगिरी लंडनच्या घराच्या विधानाबद्दल होती, ते मागे घेतलं आहे, ज्याच्याबद्दल होतं त्याची तक्रार उरलेली नाही. दिलगिरीचा संदेश फोननंतर लगेचचा आणि दुरुस्ती महिन्यानंतरची, ही फट मला ठाऊक होती. समोरच्यांनी ती धरली नाही.

तीन तारखा झाल्या. नंतरच्या दोन तारखांना तक्रारदार गैरहजर. तक्रार निकाली निघाली, गुणवत्तेवर नाही. म्हणजे लेख बदनामीकारक नव्हता असं कोणत्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. ते ताईंना मी दोनदा समजावलं, कारण त्यांनी पुढच्या अंकात 'आम्ही जिंकलो' असं लिहायला घेतलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये छापील अंकापुरती दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदतही संपली.

लेखकाने जानेवारीची फेरी रद्द केली होती. तक्रार निकाली निघाल्यावर तो आला.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिली नोटीस आली की मी आता देशांची यादी करत नाही. लेखातली माणसं मोजतो, आणि प्रत्येकापुढे लिहितो: याने सार्वजनिक जीवनात स्वतःहून काय पत्करलं आहे? ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो सर्वांत धोक्याचा. मुलगा, सून, जावई, ड्रायव्हर.

ती व्हॉट्सअॅपची ओळ टाळता आली असती. ताईंना मी आता सांगून ठेवलं आहे: फोन घ्या, वहीत टिपा, 'उद्या लेखी उत्तर देते' म्हणा. दिलगिरी व्यक्त करायला हरकत नाही, पण कशाबद्दल ते लिहिल्याशिवाय नाही.

लेख छापण्याआधी अध्यक्षांना आणि मुलाला प्रश्न पाठवायला हवे होते. ताईंचं म्हणणं, प्रश्न पाठवले असते तर छपाईआधीच मनाई हुकूम आणला असता. हा धोका खरा आहे. तरीही मी पाठवा असंच म्हणेन, कारण अपिलाची माहिती त्यातूनच कळली असती. आणि लंडन असो की दिल्ली, पडताळणी केली हे दाखवताना पहिला कागद तोच लागतो. यावर आमचं अजून एकमत नाही.

२०२५ च्या अंकाची प्रुफं ताईंनी मला दाखवली. एका लेखात एका कारखान्याच्या संचालकाच्या जावयाचा उल्लेख होता. त्यावर पेन्सिलीने गोल होता, आणि समासात 'कागद?' लेखकाने पानाचा नंबर लिहिला होता. ताईंनी तो कागद मागवून स्वतः पाहिला, मग गोल खोडला.

कलम ८८ च्या त्या आदेशावरचं अपील अजून प्रलंबित आहे. शिकागोतल्या लेखकाच्या आईला मागच्या महिन्यातही पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.